इराणमधल्या अनोळखी माणसासाठी आपल्या संगणकावर स्नोफ्लेक चालवावे का?

मुळाकाठ (धागालेखक)

नमस्कार. गेली काही वर्षे माझ्या घरच्या संगणकावर, फायरफॉक्सच्या एका कोपऱ्यात, स्नोफ्लेक नावाचे लहानसे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, चालू असते. जिथे इंटरनेट अडवलेले आहे तिथल्या लोकांना टोर या जाळ्यापर्यंत पोहोचायला ते मदत करते. १६ सप्टेंबर २०२२ रोजी तेहरानमध्ये पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या महसा अमिनी या तरुणीचा मृत्यू झाला, देशभर निदर्शने सुरू झाली आणि आठवडा उलटायच्या आत सरकारने इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद केले. फेसबुक, ट्विटर आणि यूट्यूब तिथे २००९ पासूनच अडवलेले होते आणि २०१८ साली टेलिग्रामही गेले होते. त्या आठवड्यात टोर प्रकल्पाने जगभरातल्या सामान्य लोकांना स्नोफ्लेक चालवण्याचे आवाहन केले, ते वाचून मी ते बसवले.

ज्यांना टोर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टोर हे आपली ओळख झाकून इंटरनेट वापरण्याचे जाळे आहे. त्यात आपली विनंती थेट संकेतस्थळाकडे जात नाही. कांद्याचे पापुद्रे असावेत तशी ती सांकेतिक लिपीच्या तीन थरांत गुंडाळली जाते आणि तीन वेगवेगळ्या स्वयंसेवी संगणकांतून, म्हणजे रिलेंमधून, पुढे सरकते. प्रत्येक रिले आपला एकच पापुद्रा सोलतो. पहिल्याला आपण कोण ते कळते, पण कुठे चाललो ते कळत नाही. शेवटच्याला कुठे चाललो ते कळते, पण आपण कोण ते कळत नाही. ही कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. पुढे २००२ साली टोरचे जाळे लोकांसाठी खुले झाले. ते खुले करण्यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. फक्त नौदलाची माणसे वापरतात असे गुप्त जाळे निरुपयोगी असते, कारण त्यात शिरणारा प्रत्येक जण नौदलाचाच असणार हे उघड असते. वारीत लाखो लोक चालत असतील तरच एखाद्याला त्यांत मिसळून जाता येते; चारच जण चालत असतील तर चौघांचेही चेहरे लक्षात राहतात.

अडचण अशी की टोरच्या रिलेंची यादी सार्वजनिक असते, त्यामुळे ती यादी घेऊन सगळे पत्ते अडवणे सरकारांना सोपे जाते. चीनने २००९ साली आणि रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये हेच केले. त्यावर उपाय म्हणून यादीत नसलेले रिले, म्हणजे ‘ब्रिज’, आले, आणि त्याच मार्गावरचा पुढचा टप्पा म्हणजे स्नोफ्लेक. त्यात तेहरानमधला माणूस आधी माझ्यासारख्या कोणाच्या तरी ब्राउझरशी जोडला जातो. ही जोडणी व्हिडिओ कॉलसाठी वापरल्या जाणाऱ्या वेबआरटीसी तंत्राने होते, त्यामुळे बाहेरून ती साध्या कॉलसारखी दिसते. माझा संगणक सुरू होतो, बंद होतो, पत्ता बदलतो, आणि असे हजारो संगणक असल्यामुळे त्यांची यादी करून अडवणे अवघड होते.

हे मी आजवर कोणाला फारसे सांगितले नव्हते. आता ओळखीतल्या दोघांनी ‘आम्हीही बसवू का’ असे विचारले आहे आणि होकार देण्यापूर्वी मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. अशी मदत करताना आपल्यावर नेमकी कोणती जबाबदारी येते? माझे मत असे की टोरची सुरक्षितता ही गर्दीची ठेव आहे. त्यामुळे वापरणाऱ्यानेही आणि मदत करणाऱ्यानेही त्या गर्दीचा भाग म्हणून वागले पाहिजे. पण हे मत तपासून पाहायला हवे.

सावधपाऊल

धागा आवडला, पण माझी पहिली शंका अगदी घरगुती आहे. तो अनोळखी माणूस इराणमध्ये नसून आणखी कुठे असेल, आणि त्याने माझ्या जोडणीवरून कोणाला धमकीचे पत्र पाठवले, तर पोलीस माझ्या दारात येतील का? घरात लहान मुले आहेत. परोपकार करताना हा विचार करणे स्वार्थीपणाचे आहे असे मला वाटत नाही.

मुळाकाठ (धागालेखक)

सावधपाऊल, ही शंका स्वार्थी मुळीच नाही, आणि तिचे उत्तर मला बसवण्यापूर्वीच शोधावे लागले होते. स्नोफ्लेकचा स्वयंसेवक टोरच्या दाराबाहेर उभा असतो. माझ्याकडून वाहतूक आधी स्नोफ्लेकच्या ब्रिज सर्व्हरकडे जाते, तिथून टोरच्या पुढच्या रिलेंकडे, आणि शेवटी एक्झिट रिलेमधून, म्हणजे साखळीतल्या शेवटच्या रिलेमधून, संकेतस्थळाकडे. त्या संकेतस्थळाला एक्झिट रिलेचा पत्ता दिसतो, माझा दिसत नाही. मलाही आत काय आहे ते वाचता येत नाही. तक्रारी आणि पोलिसांच्या नोटिसा येतात त्या एक्झिट रिले चालवणाऱ्यांकडे, म्हणून घरच्या जोडणीवरून एक्झिट रिले चालवू नये असे टोर प्रकल्प स्वतःच सांगतो. ते काम विद्यापीठांनी, संस्थांनी किंवा कायदेशीर सल्ला हाताशी असलेल्यांनी करावे.

मात्र एक गोष्ट मला दिसू शकते, आणि तीच माझी खरी जबाबदारी आहे असे मी मानतो. माझ्याशी जोडल्या जाणाऱ्या माणसाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्याची जोडणी ओळखण्याचा क्रमांक, माझ्या यंत्रापर्यंत येतो. कोणी उत्सुकतेपोटी ते पत्ते टिपून ठेवले, ‘आज माझ्याकडे कुठून कुठून लोक आले’ अशी चित्रे काढून मिरवली, तर ज्याला मदत करायची त्याचाच माग आपण उघडा करतो. एक्स्टेन्शन फक्त जोडण्यांचा आकडा दाखवते आणि मी त्या आकड्यावर थांबतो. दुसरे असे की कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या जाळ्यावर परवानगीशिवाय हे चालवू नये, आणि घरच्या जोडणीवर डेटाची मर्यादा असेल तर घरच्यांना सांगून चालवावे.

शमी

मी वकिली करते, म्हणून भारतापुरते लिहिते. टोर किंवा व्हीपीएन (आपली वाहतूक एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत वळवणारी सेवा) वापरण्यावर देशभर सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. मात्र स्थानिक आदेशांचे तसे नाही. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट बंद झाले. जानेवारी २०२० मध्ये ते टू-जी वेगाने आणि केवळ ठरावीक संकेतस्थळांपुरते परत आले, तेव्हा लोक व्हीपीएनकडे वळले आणि फेब्रुवारीत श्रीनगरच्या सायबर पोलिसांनी व्हीपीएनमार्फत समाजमाध्यमांचा गैरवापर झाल्याबद्दल गुन्हा नोंदवला. २०२५ मध्ये डोडा जिल्ह्यात व्हीपीएनवर बंदीचा आदेश निघाला. तेव्हा ‘भारतात चालते’ असे एका वाक्यात कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. आपण ज्या जिल्ह्यात, ज्या दिवशी आहोत, तिथला आदेश पाहावा.

संकेतस्थळे अडवण्याचे मुख्य अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ या कलमात आहेत. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा सांगणारे ६६अ हे कलम रद्द केले, पण ६९अ कायम ठेवले. त्याखालच्या २००९ च्या नियमांतील सोळावा नियम या आदेशांबाबत गोपनीयता पाळायला सांगतो, आणि माझ्या मते दुखणे नेमके इथे आहे. एखादे पान का अडवले ते वाचकाला कळत नाही आणि अनेकदा ते पान चालवणाऱ्यालाही कळत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या माहितीवरून बत्तीस संकेतस्थळे अडवली गेली, त्यांत प्रोग्रॅमचा कोड ठेवणाऱ्या गिटहबवरची पाने होती, व्हिडिओंचे व्हिमिओ होते आणि जुन्या पानांचे जतन करणारे इंटरनेट आर्काइव्हही होते. २०२२ मध्ये व्हीएलसी या साध्या व्हिडिओ प्लेयरचे संकेतस्थळ कित्येक महिने उघडत नव्हते आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा सुरू झाले. असे पान उघडत नाही म्हणून टोर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला मी गुन्हेगार म्हणणार नाही. पण जी कृती मुळातच गुन्हा आहे ती टोरमधून केल्याने गुन्हा उरत नाही, असेही कोणी समजू नये.

आणखी एक. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्याचा निर्देश दिला, आणि काही परदेशी कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले. व्हीपीएन आणि टोर यांतला फरक समजायला हे उदाहरण पुरेसे आहे. व्हीपीएनमध्ये आपण सगळा विश्वास एका कंपनीवर टाकतो आणि ती कंपनी कोणत्या कायद्याखाली वागते ते आपल्या हातात नसते.

रंकाळा

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इंटरनेट बंद झाले होते तेव्हाचा अनुभव सांगतो. माझ्या भाच्याने मोठ्या विश्वासाने फोनवर टोर ब्राउझर आधीच घालून ठेवला होता आणि त्या दिवशी तो तासभर ‘जोडत आहे’ हेच पाहत बसला. रस्ता अडवला असेल तर वळसा घालता येतो, पण रस्ताच उखडला असेल तर वळसा कुठून घालणार? इजिप्तमध्ये जानेवारी २०११ च्या अखेरीस आणि इराणमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोलच्या दरवाढीनंतर सरकारांनी हेच केले. त्यामुळे या धाग्यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की टोर असले म्हणजे संपर्क तुटणार नाही. तशा दिवसांसाठी महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक वहीत लिहून ठेवलेले असणे जास्त उपयोगी पडते.

वाळवंटी_वारा

मी दुबईत राहतो. इथे व्हॉट्सअ‍ॅपवरून आईशी बोलता येत नाही, कारण इंटरनेटवरचे कॉल परवाना असलेल्या ठरावीक अ‍ॅपपुरतेच चालतात. त्यामुळे नव्याने आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या आठवड्यात ‘कुठले व्हीपीएन घालू’ असे विचारतो, आणि खोलीतला कोणीतरी त्याला लगेच सांगतो की सगळेच वापरतात, काही होत नाही. मी स्वतः असे सांगितले आहे आणि आता सांगत नाही. इथल्या कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो उघड होऊ नये म्हणून आयपी पत्ता लपवला तर पाच लाखांपासून वीस लाख दिरहमपर्यंत दंडाची तरतूद आहे. घरी केलेला कॉल त्यात बसतो की नाही यावर आम्ही रात्ररात्र वाद घातले आहेत, पण वाद घालणाऱ्यांपैकी कोणाचाही व्हिसा त्या नवख्या मुलाच्या जागी पणाला लागलेला नव्हता. मी आता त्याला परवाना असलेली अ‍ॅप दाखवतो आणि पुढचा निर्णय त्याच्यावर सोडतो.

तारयंत्र

नेटवर्कचे काम करतो, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने लिहितो. टोर काय झाकते आणि काय झाकत नाही यातली गल्लत हेच बहुतेक अपघातांचे कारण असते.

२००७ मध्ये स्वीडनच्या एका सुरक्षा सल्लागाराने स्वतःचे काही एक्झिट रिले चालवले आणि त्यांतून जाणारी वाहतूक पाहिली. अनेक देशांच्या दूतावासांच्या ईमेल खात्यांचे परवलीचे शब्द त्याला उघडे दिसले, आणि त्याने प्रसिद्ध केलेल्या यादीत भारतीय दूतावासांची खातीही होती. टोर तोडले गेले नव्हते. शेवटचा पापुद्रा एक्झिट रिलेवर सुटतो, आणि आतला मजकूर एचटीटीपीएसने (ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातल्या सांकेतिक लिपीने) बंद केलेला नसेल तर रिले चालवणाऱ्याला तो वाचता येतो, इतकी ही साधी गोष्ट आहे. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर आली आहेत, तरीही कुलूप दिसत नसेल तिथे परवलीचा शब्द टाकू नये हा नियम कायम आहे. बीबीसीने २०१९ मध्ये सुरू केले तसे ‘ऑनियन’ पत्ते जिथे उपलब्ध आहेत तिथे ते वापरावेत. त्यात वाहतूक टोरच्या बाहेर पडतच नाही, त्यामुळे एक्झिट रिलेचा प्रश्नच उरत नाही.

दुसरे उदाहरण डिसेंबर २०१३ मधले. हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी टोरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. ईमेलवरून तो टोरमधून आला एवढेच कळले, पण त्या वेळी विद्यापीठाच्या जाळ्यावरून टोरला कोण कोण जोडले होते याची नोंद विद्यापीठाकडे होती. विचारपूस झाली आणि त्याने कबुली दिली. त्याचे कृत्य निंद्यच होते, परंतु यातून शिकण्यासारखी गोष्ट सगळ्यांसाठी आहे: तुम्ही टोर वापरत आहात ही गोष्ट टोर लपवत नाही. तुमच्या इंटरनेट कंपनीला ती दिसते. ती लपवायची असेल तर ब्रिज लागतो, आणि मुळाकाठ म्हणतात ती गर्दी लागतेच.

चुका बहुधा रोजच्या सवयींतून होतात. टोर ब्राउझर उघडायचा आणि पहिल्याच मिनिटाला स्वतःच्या नावाच्या खात्यात शिरायचे. मग निनावीपण उरले कुठे? जाहिराती नकोत म्हणून त्यात आणखी एक्स्टेन्शने घालायची, म्हणजे आपला ब्राउझर इतरांपेक्षा वेगळा दिसू लागतो आणि गर्दीत नेमका उठून दिसतो. उतरवून घेतलेली फाइल लगेच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायची. तो प्रोग्रॅम टोरला बगल देऊन थेट इंटरनेटवर गेला तर खरा पत्ता उघड होतो. टोरमधून टॉरेंट, म्हणजे मोठ्या फाइली एकमेकांकडून उतरवून घेणे, चालवणे तर दोन्ही बाजूंनी चूक आहे: टॉरेंटचे प्रोग्रॅम आपला खरा पत्ता गळू देतात, आणि स्वयंसेवकांनी पदरमोड करून उभ्या केलेल्या रिलेंवर चित्रपटांचा भार पडतो. ज्याला एक बातमी वाचायला तो रस्ता हवा आहे त्याचा रस्ता आपण आपल्या करमणुकीने तुंबवतो.

ब्राउझर कुठून घ्यावा हेही महत्त्वाचे आहे. टोर प्रकल्पाच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावा; ते अडवलेले असेल तर ईमेलने पत्ता मागवण्याची ‘गेटटोर’ ही सोय आहे. कोणीतरी टेलिग्राम गटावर टाकलेली फाइल बसवू नये. जुलै २०२२ नंतरच्या आवृत्त्यांत जोडणी होत नसेल तर ब्राउझर स्वतःच त्या देशात चालणारा ब्रिज सुचवतो. ओबीएफएसफोर हा ब्रिज वाहतुकीला अर्थहीन गोंगाटासारखी दाखवतो, तर २०२४ मध्ये आलेला वेबटनेल तिला साध्या संकेतस्थळाच्या भेटीसारखी दाखवतो. कोणता कुठे चालेल हे दर महिन्याला बदलते. ऑक्टोबर २०२२ मध्ये इराणने स्नोफ्लेकच्या जोडणीची एक बारीकशी खूण ओळखून ती अडवली, आणि इराणमधून येणाऱ्यांची संख्या एकाएकी घसरली. पुढे ती खूण बदलावी लागली. म्हणून जुनी आवृत्ती ठेवू नये.

सावधपाऊल

बरेच समजले, धन्यवाद. पण एक प्रश्न टाळता येत नाही. याच जाळ्यावर अमली पदार्थांचे बाजार चालले आहेत आणि मुलांच्या शोषणाची चित्रेही फिरली आहेत. मी एक्स्टेन्शन बसवले तर त्यातल्या एखाद्यालाही वाट करून दिली जाईल. हे मनातून काढून कसे टाकायचे?

मुळाकाठ (धागालेखक)

ते काढून टाकू नये असे मला वाटते. होय, माझ्या जोडणीवरून वाईट माणूस गेला असण्याची शक्यता आहे, आणि तसे नाही असे मी शपथेवर सांगू शकत नाही. मी माझ्यापुरता विचार असा केला: ज्याच्याकडे पैसा आणि वाईट हेतू आहे त्याला चोरलेली यंत्रे आणि विकत घेतलेली खाती असे अनेक मार्ग मोकळे असतात. स्नोफ्लेकची गरज मुख्यतः अशा माणसाला पडते ज्याच्या देशात टोर अडवले आहे आणि ज्याच्याकडे दुसरा मार्ग नाही. म्हणून मला रिले चालवण्यापेक्षा हे काम अधिक मनाला पटले. तुम्हाला पटले नाही तर बसवू नका. त्यात काहीही कमीपणा नाही.

पारिजात

मी पुण्यात अनेक वर्षे इंग्रजी शिकवले आणि माझ्या वर्गात बरेच इराणी विद्यार्थी असत. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिकडचे इंटरनेट बंद झाले तेव्हा माझ्या एका विद्यार्थिनीचा घरच्यांशी जवळजवळ आठवडाभर संपर्क नव्हता. ती वर्गात यायची, मागच्या बाकावर बसायची आणि फोन उलटा ठेवायची, कारण सरळ ठेवला की नजर तिकडेच जायची.

पुढे ती शिक्षण संपवून परत गेली. २०२२ च्या सप्टेंबरात मी तिला एक लांब ईमेल लिहिला. त्यात टोर कसे बसवायचे, ब्रिज कसा मागायचा, हे सगळे मी कुठेकुठे वाचून चित्रांसह दिले होते. मला फार चांगले काम केल्यासारखे वाटले होते. दोन दिवसांनी तिचे उत्तर आले, तेही फार थोडे. तिने लिहिले होते की बाई, रस्त्यात फोन तपासतात, असे अ‍ॅप फोनमध्ये दिसले तर काय होईल ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि हा ईमेल मी वाचून पुसून टाकत आहे. तिला माझा राग आला नव्हता, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. मी तिच्या हिताचे म्हणून जे पाठवले तेच तिच्या खात्यात पुराव्यासारखे पडून राहिले असते.

म्हणून तारयंत्र यांनी लिहिलेल्या सूचनांत माझी एक भर घालते. दडपशाही असलेल्या देशातल्या माणसाला न मागता साधने, दुवे किंवा सूचना पाठवू नयेत. त्याने विचारले तर आधी त्याला विचारावे की तुझा फोन कोण पाहू शकतो, घरात कोण आहे, तुला यातून नेमके काय हवे आहे. बातमी वाचायची आहे, की लपून राहायचे आहे? या दोन्ही गरजा वेगळ्या आहेत, आणि पहिलीसाठी कदाचित उपग्रह वाहिनी पुरेशी असते. स्नोफ्लेकची कल्पना मला यासाठीच आवडली की त्यात मी कोणाला काही सुचवत नाही. दार उघडे ठेवायचे, यायचे की नाही ते त्याने ठरवायचे.

मुळाकाठ, माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे आणि इंटरनेट अमर्याद आहे. मला बसवून द्याल का?

मुळाकाठ (धागालेखक)

पारिजातताई, आपला प्रतिसाद वाचून मी ओळखीतल्या त्या दोघांना पाठवायला लिहून ठेवलेला मजकूर पुन्हा लिहायला घेतला आहे. त्यात इराणमधल्या मित्रांना ‘कळवा’ असे एक वाक्य होते, ते काढले.

बसवणे अगदी सोपे आहे. फायरफॉक्स किंवा क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या दालनात जाऊन टोर प्रकल्पाच्या नावावर असलेले स्नोफ्लेकच घ्या. सारख्या नावाचे दुसरे काही दिसले तर घेऊ नका. बसल्यावर एक लहान चिन्ह दिसेल आणि कोणी जोडले गेले की त्याचा रंग बदलेल. पहिल्या दिवशी कदाचित कोणीच येणार नाही, त्यासाठी काही बदलायला जाऊ नका. लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सोय मात्र करावी लागेल. तेहरानचे घड्याळ आपल्यापेक्षा दोन तास मागे आहे, म्हणून मी माझा संगणक रात्री दोनपर्यंत सुरू ठेवतो. शनिवारी संध्याकाळी आपल्याला जमेल का? मी लॅपटॉपच पाहायला येतो.